पहिल्या प्रश्नानंतर

केशवसुतांच्या एका कवितेच्या शीर्षकात ‘पहिला’ हा शब्द आहे. कविता ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’. गेली तीस वर्षे मी ही कविता वाचत आलो, क्वचित इतरांना वाचून दाखवीत आलो; पण त्या ‘पहिला’ शब्दापाशी कधी थांबलो नव्हतो. मला तिथे थांबवले ते भामरागडातल्या एका माडिया मुलीने. एका निवासी शाळेत मुलांना मराठी कविता वाचून दाखवायला मला बोलावले होते. पर्लकोटेला पूर होता, पूल पाण्याखाली होता, आलापल्लीकडून यायचे पाहुणे पलीकडे अडकले होते. म्हणून बदली गडी म्हणून मी. कविता वाचून झाली. मुले गप्प. मग मागच्या ओळीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘सर, हा पहिला प्रश्न आहे तर दुसरा कुठे आहे?’’

वर्गात थोडे हसू पिकले. मीही हसलो आणि काहीतरी वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर प्रश्न सुटेना. या लेखात जे मांडतो आहे ते त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे, असे समजले तरी चालेल.

१. तुतारी हातात नव्हती

आपल्या समीक्षेत केशवसुतांचे बंड म्हटले की ‘तुतारी’ पुढे येते. १८९३ सालच्या मार्चमधली ही कविता पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून, स्नेहसंमेलनांतून, निवडणुकीच्या सभांमधूनही वाजत आली. इतकी वाजली, की तिच्यातली एक साधी गोष्ट आपल्या कानावरून निसटून जाते. कवितेतल्या माणसाच्या हातात तुतारी नाही. तो ती कोणाला तरी आणून द्यायला सांगतो आहे. फुंकायला प्राण आपला आहे, वाद्य मात्र आपले नाही, अशी तिची सुरुवात आहे. विजयाची कविता अशी सुरू होत नाही. साधन नसलेल्या माणसाची ही कविता आहे.

या कवितेत धर्मावरचा जो घाव आहे, तोही नीट पाहायला हवा. केशवसुत धर्म आणि नीती यांना समोरासमोर उभे करतात. धर्माचे अवडंबर माजवणारेच नीतीच्या वाटेत आडवे येतात, असे त्यांचे म्हणणे. हा विचार शेलीकडून आला, असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ते अर्धेच पटते. त्या काळच्या इंग्रजी शिकणाऱ्या पिढीच्या हाती इंग्रजी कविता आली ती प्रामुख्याने पालग्रेव्हच्या १८६१ सालच्या ‘गोल्डन ट्रेझरी’मधून. ते भावकवितेचे संकलन. त्यात पश्चिम वाऱ्याला हाक मारणारा शेली आहे. पण अठराव्या वर्षी नास्तिकतेवर पत्रक काढल्याबद्दल १८११ साली ऑक्सफर्डमधून काढून टाकलेला, ‘क्वीन मॅब’ लिहिणारा, मतांमुळे १८१७ साली कोर्टाने ज्याच्या मुलांचा ताबा नाकारला तो शेली त्या पुस्तकात नाही. म्हणजे केशवसुतांना शेलीचा वारा मिळाला असेल, आणि ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेचे नाव वाचताच ते जाणवते. पण धर्मठकांशी भांडण करण्याचे बळ त्यांना इंग्लंडहून आयात करावे लागले नाही. ते पुण्यातच मिळत होते.

केशवसुत पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ साली मॅट्रिक झाले, तेव्हा वय तेविशीकडे झुकले होते. त्याच्या आदल्या वर्षी आगरकरांचा ‘सुधारक’ सुरू झाला होता. आगरकरांची प्रेतयात्रा ते जिवंत असताना पुण्याच्या रस्त्यांवरून काढली गेली. बुद्धीला पटेल तेच बोलणार, असे म्हणणाऱ्या माणसाचे समाज काय करतो, हे या पिढीने पुस्तकात वाचले नाही, डोळ्यांनी पाहिले. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता आणि अभंगाच्या वळणाचे अखंड रचून सत्यालाच देवाच्या जागी बसवले होते. सत्य आणि शोध हे दोन शब्द मराठीत एकत्र आले ते त्या समाजाच्या नावात. केशवसुतांच्या कवितेत फुले थेट दिसत नाहीत. पण ज्या मातीत पेरणी झाली ती आधी नांगरलेली होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

२. मूर्ती कोणाची, घण कोणाचा

आता ‘मूर्तिभंजन’ या कवितेकडे येतो. इथे रानात बसून ती वाचताना मला अडचण होते, आणि ती अडचण मांडल्यावाचून पुढे जाता येत नाही.

कवितेचा आशय थोडक्यात असा, की मूर्तीपुढे नाक घासत बसण्यापेक्षा ती फोडा. तिच्या पोटात संपत्ती दडली आहे, ती हस्तगत करा. सोमनाथाची कथा मनात ठेवून लिहिलेली ही रचना आहे हे उघड आहे. पण तिच्यातला मुद्दा देवद्वेषाचा नाही. बाहेरचा आकार पूजण्यात आतला अर्थ हरवतो. जो आकार फोडील त्याला अर्थ लाभेल, असा तो मुद्दा आहे. हा स्वच्छंदतावादी कवितेचा गाभाच म्हणता येईल. सत्य वारशाने मिळत नाही, प्रत्येकाने ते फोडून, खणून, स्वतः काढायचे.

पण भामरागडच्या भोवतीच्या गावांत फोडायला मूर्ती कुठे आहे? इथल्या माडियांचा देव, म्हणजे ‘पेन’, पुष्कळदा झाडात असतो, दगडात असतो, लाकडाच्या खांबात असतो. त्याचे करणारा पेरमा असतो. इथे बाहेरून आलेल्या माणसांनी दोन प्रकारे घण उचलला. काहींनी सांगितले, तुमचा देव देवच नाही, आमचा घ्या. काहींनी सांगितले, तुमची सगळी श्रद्धा अंधश्रद्धा आहे, टाकून द्या. दोघांनाही आपण सत्याची बाजू घेतो आहोत याची खात्री होती. दोघांच्याही हातातली मूर्ती दुसऱ्याची होती.

केशवसुतांच्या कवितेचा बचाव मी इथे करतो तो या कारणासाठी. मालगुंडच्या दामल्यांच्या घरात जन्मलेल्या या कवीने जो घण उचलला तो स्वतःच्या देवघरावर. ‘नवा शिपाई’मध्ये तो जात नाकारतो, पंथ नाकारतो, साऱ्या जगाला आपले घर म्हणतो. नाकारलेल्यांच्या यादीत पहिले नाव स्वतःच्या जातीचे आहे. ही यादी उलटी करून वाचली, म्हणजे आपले राखून दुसऱ्याचे फोडायला निघाले, की त्याच कवितेतून कट्टरपणा तयार होतो. बंडखोर कविता आणि धर्मांधाची घोषणा यांच्यातला फरक आवेशात सापडत नाही. दोघांचा आवेश सारखाच असतो. घण कोणाच्या घरावर पडतो, एवढेच पाहायचे.

‘झपूर्झा’तली एक प्रतिमा या संदर्भात मला नेहमी आठवते. माणसाने ज्ञानाची जमीन थोडी नांगरली आहे, न नांगरलेली अफाट पडली आहे, आणि तिथे सनद असलेला शेतकरी हजारात एखादा, असे केशवसुत सांगतात. कवितेत ती सनद प्रतिभेची आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या पेंडा शेती करणाऱ्या आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर पट्ट्यासाठी कागद जमवत फिरणाऱ्या माणसाला ती प्रतिमा वाचून दाखवा. तो विचारतो, न नांगरलेली म्हणजे कोणाचीच नव्हती का? कवीवर हा आरोप नाही. पण अज्ञाताला रिकामी जमीन समजण्याची जी सवय सत्यशोधकालाही लागू शकते, तिची आठवण त्यातून राहते.

३. ज्याने किंमत मोजली तो

केशवसुतांच्या शेजारी नारायण वामन टिळकांना ठेवून पाहिले की चित्र बदलते. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघेही चित्पावन. टिळक १८६१ चे, केशवसुत १८६६ चे. ऐन तारुण्यात नागपुरात दोघांची ओळख झाली. म्हणजे आधुनिक मराठी कवितेच्या एका मैत्रीची सुरुवात आमच्या विदर्भात झाली, याचा मला खासगी आनंद आहे.

आपल्या वाङ्मयेतिहासाने या दोघांना दोन कप्प्यांत घातले. केशवसुत बंडखोर, टिळक ‘फुलामुलांचे कवी’. टिळकांचे धर्मांतर चरित्राच्या प्रकरणात गेले, त्यांची भजने ख्रिस्ती उपासनेच्या पुस्तकात गेली, आणि मराठी कवितेच्या वाट्याला फुले, पाखरे, मुले आणि वत्सल बाप एवढे उरले. या वाटणीवर माझा आक्षेप आहे. धर्मातल्या सत्याचा शोध घेताना ज्याने खरोखर घर, गोत, मित्र आणि प्रतिष्ठा पणाला लावली तो या दोघांत टिळक होता. त्याला मऊ कवी ठरवणे म्हणजे मोजलेली किंमत हिशेबातून खोडणे.

घटना परिचित आहेत, थोडक्यात सांगतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी टिळकांचे बोलणे झाले, त्याने त्यांना नवा करार दिला. गिरिप्रवचनापाशी टिळक थांबले. पण त्याआधीच खरा धर्म कसा असावा याचा आराखडा ते मनाशी करत होते. म्हणजे पुस्तक हाती आल्यावर प्रश्न निर्माण झाला असे नाही. प्रश्न आधीपासून होता. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे जे झाले ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, आणि ते मी इथे पुन्हा सांगत नाही, ज्याने वाचले नसेल त्याने हा लेख बाजूला ठेवून आधी ते वाचावे.

मुद्दा कवितेचा आहे. धर्मांतरानंतर टिळकांच्या कवितेचा आवाज चढला नाही, उतरला. ‘आपल्याला सत्य सापडले’ असे मानणाऱ्या माणसाने डिंडिम वाजवावा अशी आपली अपेक्षा असते. टिळक अभंगाकडे आणि ओवीकडे वळले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पूल ओलांडून गेल्यावर तो जाळून टाकण्याची रीत आहे. टिळकांनी तो जाळला नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी वारकऱ्यांच्या छंदात मांडली. इंग्रजी चालींवर गाणाऱ्या चर्चला हे रुचायला वेळ लागला असेल, आणि तुकारामाला आपला समजणाऱ्या सनातन्यांना तर हे त्याहून कठीण. एकाच कृतीने त्यांनी दोन्ही बाजूंच्या सोवळ्याला हात लावला.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. मला त्यांच्या आयुष्यातले हे सर्वांत मोठे पाऊल वाटते. पहिल्यांदा त्यांनी जन्माने मिळालेल्या धर्माची भिंत ओलांडली. दुसऱ्यांदा, स्वतः निवडलेल्या धर्माची. पहिली भिंत ओलांडणारे पुष्कळ भेटतात. आपण निवडलेल्या घरालाही भिंती आहेत हे पाहणारे थोडे.

टिळकांच्या घराने मराठी कवितेला दिलेली आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली तो ठोंबऱ्यांचा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला. ज्या काळात ख्रिस्त्याच्या घरचे पाणी घेतले तरी प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या काळात मराठीतला सर्वांत निर्मळ निसर्गकवी एका बाटलेल्या ब्राह्मणाच्या ओसरीवर वाढत होता. निसर्गकवितेचा आणि धर्मबंडाचा संबंध काय, असे कोणी विचारले तर मी या ओसरीकडे बोट दाखवीन.

४. शोधाचा शेवट

दोघांचीही शेवटची वर्षे पाहा. केशवसुत ‘सतारीचे बोल’पाशी येतात तेव्हा तुतारी दूर राहिलेली असते. अंधाऱ्या रात्री खिन्न मनाने भटकणाऱ्याला कुठल्याशा खिडकीतून सतार ऐकू येते आणि त्याचे मन हळूहळू सावरते. इथे कोणी मूर्ती फोडत नाही, कोणी हाक देत नाही; दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांतून निघालेला सूर ऐकणे एवढेच उरते. मग शेवटच्या वर्षातली ‘हरपले श्रेय’. तीनही लोक हिंडून जे हरवले ते न सापडण्याची ती कविता. नोव्हेंबर १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने ते गेले; वय चाळिशीच्या आत. काही समीक्षकांना या वळणात माघार दिसते: बंडखोर थकला, गूढात शिरला. मला तसे वाटत नाही. ‘श्रेय’ सापडले असे जाहीर करण्याचा मोह ज्याने टाळला, तो शेवटपर्यंत सत्यशोधक राहिला. सापडले म्हणणारे गादी स्थापतात. न सापडल्याची कविता लिहिणाऱ्याची गादी होत नाही.

म्हणजे एकाला सत्य सापडले आणि त्याने आवाज उतरवला. दुसऱ्याला सापडले नाही आणि त्याने तसे सांगितले. धर्मांधतेला दिलेली ही दोन उत्तरे मला ‘तुतारी’पेक्षा अवघड वाटतात, कारण त्यांवर टाळ्या मिळत नाहीत.

५. दुसरा प्रश्न

आता त्या मुलीकडे परत येतो. अंत्यजाचा मुलगा रस्त्यावर खेळतो आहे, सावलीच्या विटाळाच्या धाकाने एक ब्राह्मण त्याला हाकलतो, आणि मुलगा आईला विचारतो. त्याचे समाधान करील असे उत्तर आईपाशी नाही. ब्राह्मण घरातल्या एका तरुणाने ही कविता लिहिली, हे तिचे मोठेपण आहे आणि हीच तिची मर्यादाही आहे. प्रश्न मुलाच्या तोंडी आहे, लेखणी दुसऱ्याच्या हाती.

खरे तर तो प्रश्न पहिलाही नव्हता. चौदाव्या शतकात मंगळवेढ्याच्या चोखोबांनी तो अभंगात विचारला होता, आणि त्यांना मंदिराच्या पायरीपाशी समाधी मिळाली, आत नाही. पुढे १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे तो सत्याग्रहाने विचारला गेला. ऑक्टोबर १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आधी नागपूरला आणि दोनच दिवसांनी, १६ तारखेला, आमच्या चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा अंत्यजाच्या मुलाने आईला विचारणे थांबवले आणि स्वतः उत्तर दिले. आणि १९७० नंतर दलित कवितेने लेखणीही स्वतःच्या हाती घेतली. दुसरा प्रश्न कुठे आहे, याचे वाङ्मयेतिहासाने द्यायचे उत्तर हे. केशवसुतांच्या कवितेत तो नाही. त्या मुलाच्या नातवंडांच्या कवितेत आहे.

याच जिल्ह्यांत आणखी एका माणसाने उत्तर दिले. महारोग हे गेल्या जन्मीच्या पापाचे फळ, असे शास्त्राच्या नावाने सांगितले जाई. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करून बाबा आमट्यांनी त्या पापाच्या कल्पनेलाच बेदखल केले, आणि ‘ज्वाला आणि फुले’तली मुक्तछंदातली कविता त्या खडकाळ जमिनीवरून आली. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तो त्याच वाटेचा पुढचा टप्पा. आमटे जिथे देवळाचा नकाशा काढता आला असता तिथे विहीर खणणारे. केशवसुतांनी मागितलेली तुतारी ही अशी अवजारे होऊन आली, असे मला वाटते.

हे सगळे जुळवून मी काही महिन्यांनी पुन्हा त्या शाळेत गेलो. पूर ओसरला होता. ती मुलगी भेटली. मी तिला चोखोबा, चंद्रपूर, दलित कविता असे सगळे सांगितले. माझ्या परीने सोपे करून. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘‘मला तसं नव्हतं विचारायचं. त्या मुलाने आईला विचारायला पाहिजे होतं, की तुलापण लहानपणी असंच हाकललं होतं का? आणि तू तुझ्या आईला विचारलं होतं का?’’

मी वाङ्मयेतिहासात दुसरा प्रश्न शोधत होतो. तिला तो घरातच, आईच्या पुढ्यात दिसला होता. तिच्या गावात कुर्मा घर आहे. पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाच्या कडेच्या त्या झोपडीत राहायचे असते. ती त्याबद्दल काही बोलली नाही, मीही विचारले नाही. विचारण्याचा हक्क माझा नव्हता. मी विचारले असते तर तो पुन्हा दुसऱ्याच्या मूर्तीवर उचललेला घण झाला असता.

पण ‘स्मृतिचित्रे’ मी तिला दिले. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे सोवळे सोडले नव्हते. नवऱ्याने सांगितले म्हणून नाही, मिशनऱ्यांनी सांगितले म्हणूनही नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि मग सोवळे सुटले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण माझ्या मते त्यांचे खरे धर्मांतर त्याआधीच, त्या प्रश्नाच्या रात्री झाले होते. स्वच्छंदतावादी कवितेने सत्याबद्दल जे सांगितले, ते कवितेचे शिक्षण न झालेल्या या बाईने स्वयंपाकघरात करून दाखवले.

केशवसुतांची ‘तुतारी’ पाठ्यपुस्तकात राहो. तिची जागा ती आहे. पण मुलांना शिकवायची एकच कविता निवडायची वेळ आली तर मी प्रश्नाची निवडीन, आणि शिकवून झाल्यावर थोडा वेळ गप्प उभा राहीन. मागच्या ओळीतून कोणी उठते का, ते पाहायला.